करंगळीचा दोष

आत्तार मास्तरांची स्कूटर एकदा नसरापूरच्या अलीकडं बंद पडली. मागं मी बसलो होतो. मास्तरांनी किका मारून मारून घाम काढला, मग सीटवर हात ठेवून स्कूटरला म्हणाले, "माफ कर बाई, आज माझ्या पायात जोर न्हाई." मी उतरून टाकीचं झाकण उघडलं, तर आत पेट्रोलचा नुसता वास होता. मास्तरांनीही वाकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मग पेट्रोल भरायचं कोन इसरलं? माणूसच ना? मशीन चुकत न्हाई प्राध्यापक. चुकतो तो माणूस."

हा त्यांचा सिद्धान्त. भोरला होतो तेवढी वर्षं मी तो रोज ऐकला. मी तिथल्या कॉलेजात भूगोल शिकवायचो आणि बाजारपेठेत एका माडीवर भाड्यानं राहायचो. भिंतीपलीकडं मास्तरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट. सकाळी सात वाजता पलीकडं टकटक सुरू व्हायची ती दिवेलागणीला थांबायची. पहिल्या महिन्यात मी घर सोडायचं ठरवलं, दुसऱ्या महिन्यात सवय झाली आणि पुढं पुढं रविवारी आवाज नसला की झोप लागेना.

मास्तर उंच, काटकुळे. पांढरा इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर जाळीची टोपी, आणि बोटं कायम चालू. समोरचा बोलत असला की मास्तर ते स्वतःच्या मांडीवर टाईप करत. मला हे कळायला वेळ लागला. आधी वाटलं, म्हातारपणाची थरथर असेल. एकदा आमचे प्राचार्य त्यांच्यापुढं बोलत सुटले. पाच मिनिटांनी मास्तरांनी हात झटकले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "सायेब, जरा पूर्णविराम द्या, मनगट भरून आलं."

विद्यार्थ्यांनी अक्षरांकडं बघितलेलं त्यांना खपत नसे. प्रत्येक टाईपरायटरवर त्यांनी जुन्या उशीच्या अभ्र्याचा पडदा शिवून घातला होता. मुलांनी त्यात हात घालायचे आणि भिंतीकडं बघायचं. मास्तर मधल्या खुर्चीवर डोळे मिटून बसत आणि आवाजावरून ओरडत, "खिडकीकडची, तुझी अनामिका आळशी पडतीय. दाराजवळचा, तू काल रात्री जागलास." भोर आणि वेल्ह्यात तहसील, कोर्ट, पंचायत, जिथं म्हणून मशीन वाजे तिथं मास्तरांच्या हाताखालून गेलेली बोटं बसलेली. लोकांचा त्यांच्या कानावर इतका विश्वास की लग्नाची स्थळं बघणारे चौकशीला त्यांच्याकडं येत. एका वरपित्याला त्यांनी सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं आहे: "पोरगी निर्मळ हाय. ओळ संपली की घंटी वाजायच्या आत थांबती. अशी सून भांडण वाढू देत न्हाई." लग्न झालं. सून भांडते की नाही ते मी पुढं विचारलं नाही, पण वरपिता दर दिवाळीला मास्तरांना फराळ पाठवायचा.

मशीनवर त्यांची माया होती. दसऱ्याला झेंडूच्या माळा, ईदेला प्रत्येक मशीनच्या बुडाशी अत्तराचा बोळा. आणि रोज सकाळी मुलं यायच्या आधी चोचीच्या डब्यातून शिलाई मशीनचं तेल. डाव्या हाताच्या करंगळीखालच्या कळीपासून सुरुवात, मग ओळीनं पुढं. मशीनला पाजल्याशिवाय मास्तर स्वतः चहा घेत नसत.

अशा माणसाच्या आयुष्यात माझा लॅपटॉप शिरला तो नंदामुळं.

नंदा वेल्ह्याच्याही पुढच्या पासलीची, तीही गावातली नाही, वरच्या वाडीतली. घरी शेळ्या आणि उतारावरची भाताची खाचरं. भोरजवळ उत्रोलीला मावशीकडं राहून ती मास्तरांकडं यायची. बोलायला तिखट, हाताला हलकी. मास्तर तिचं तोंडावर कौतुक कधीच करत नसत, ती गेली की भिंतीवर टकटक करून मला बोलावत आणि म्हणत, "ऐकलं का? पाऊस पडावा तसं टाईप करती." बाकी मुलं टकटक करतात आणि ही मात्र वाजवते, असं त्यांचं म्हणणं.

दोन हजार पाच-सहा सालच्या सुमाराला पुण्यातल्या एका कचेरीत टंकलेखिकेची जागा निघाली. नंदानं अर्ज केला. बोलावणं आलं, आणि सोबत अशी अट की परीक्षा कॉम्प्युटरवर होईल. मास्तरांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. गावात कॉम्प्युटर क्लास निघाला होता, पण त्याच्या मालकानं एकदा टाईपरायटरला 'भंगार' म्हटल्यापासून मास्तर त्या रस्त्यानं जात नसत. राहिला माझा लॅपटॉप, पुण्यातल्या एका मित्राचा वापरलेला, जाड आणि तापट.

"दोन आठवडे द्या," मास्तर म्हणाले. "पोरीचं भलं हुईल."

मी आनंदानं दिला. मास्तरांनी तो टॉवेलात गुंडाळून, दोन्ही हातांवर आडवा धरून नेला. बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणतात तसा.

पहिल्याच दिवशी त्यांनी तक्रार केली. "याला आवाज न्हाई हो. मुक्या जनावराचं दुखणं वळखायचं कसं?" तरी एक-दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नंदाच्या इंग्रजी मजकुरातून 'ए' हे अक्षर गळायला लागलं. कधी उमटायचं, कधी नाही, कधी एकदम चारदा. मी सहज डोकावलो तेव्हा मास्तर लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून बसले होते आणि नंदा ओठ चावत होती.

"कीबोर्ड बिघडला असेल," मी म्हणालो.

मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या घराण्याला काही बोललो होतो. "मशीन चुकत न्हाई. 'ए'ची कळ डाव्या करंगळीची. करंगळीत दोष हाय."

मी पुढं होऊन स्वतः ती कळ दाबली. 'ए' आला नाही. पुन्हा दाबली, आला नाही. मी विजयी मुद्रेनं त्यांच्याकडं पाहिलं.

"तुमचं सोडा," मास्तर म्हणाले. "तुमी दोन बोटांनी टाईप करता. तुमचा पुरावा धरायचा न्हाई."

मी म्हटलं, कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन दुसऱ्या कीबोर्डवर बघू. त्या क्लासचं नाव काढल्यावर मास्तरांनी पाठ फिरवली. लॅपटॉप परत मागितला, तर म्हणाले, बोट बरं होईपर्यंत मशीन हलवायचं नाही. आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली कनवटीला लावली. माझ्याच लॅपटॉपला.

दुसऱ्या दिवसापासून करंगळीवर उपचार सुरू झाले. तिळाचं कोमट तेल चोळायचं. पाण्याचा तांब्या करंगळीला अडकवून उचलायचा. नाचणीचं पीठ करंगळीनं मळायचं. नंदाची मावशी उत्रोलीहून मुद्दाम विचारायला आली की ही टायपिंगची परीक्षा आहे की कुस्तीची. नंदानंही आधी हे हसण्यावारी नेलं.

"मास्तर, म्या ह्याच करंगळीनं शेळ्या पिळल्यात. शेळीनं कधी तक्रार केली न्हाई."

"शेळी दयाळू असती," मास्तर म्हणाले. "सरकार न्हाई."

हसू फार दिवस टिकलं नाही. लॅपटॉपवर 'ए' गळतच राहिला, आणि एक दिवस भिंतीपलीकडून मला टाईपरायटरचा आवाज आला तो अडखळत. नंदाच होती. जिथं जिथं 'ए' येणार तिथं तिथं तिचा हात आधीच थबकत होता. यंत्र चांगलं, बोट चांगलं आणि तरी अक्षर चुकत होतं. कारण मास्तरांनी सांगितलं होतं की दोष आहे, आणि मास्तर सांगतात ते तिच्या लेखी खरं होतं. मला राग आला. मी जाऊन मास्तरांना सुनावलं की तुम्ही चांगली मुलगी घाबरवून टाकलीत. मास्तर म्हणाले, "दुखणं झाकून बरं हुतं का?"

त्याच आठवड्यात नंदा पासलीला निघून गेली. भाताची झोडणी आली होती, घरी हात हवे होते, आणि वडिलांनी वेल्ह्यातलं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. जाताना ती मास्तरांना एवढंच म्हणाली, "बोटातच दोष हाय तर पुण्याला जाऊन हसं कशाला करून घ्यायचं?" परीक्षा आठवड्यावर आली होती. मास्तरांनी तिला अडवलं नाही.

नंतरचे दोन दिवस वर्ग सुटल्यावरही मास्तर घरी जात नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. डाव्या करंगळीभोवती रुमाल गुंडाळलेला.

"प्राध्यापक, माझी करंगळी गेली."

मी घाबरून रुमाल सोडला. बोट जागच्या जागी होतं, चांगलं गुटगुटीत. मग त्यांनी सांगितलं. नंदा गेल्यावर त्यांनी स्वतः दार लावून लॅपटॉपवर हात ठेवला. तीस वर्षांत ज्या बोटाची चूक कोणी दाखवली नव्हती त्या बोटालाही 'ए' उमटवता आला नाही. आता कोणालाही वाटेल की एवढ्यावर तरी माणूस म्हणेल, यंत्र बिघडलंय. मास्तरांनी दोन दिवस, दोन रात्री विचार करून वेगळाच निकाल काढला होता.

"दोष माझाच. माझ्यातनं तो पोरीत उतरला. आन पोरीतच का? तहसीलात कोन बसलंय? माझी पोरं. कोर्टात कोन बसलंय? सगळ्या भोर-वेल्ह्यात माझी लंगडी करंगळी कामाला लागलीय, आन म्या हितं मास्तर म्हणून मिरवतुय."

मला हसू आवरेना, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हसावं की काय करावं ते कळेना, म्हणून मी चहा टाकला. ते डॉक्टरकडं जाऊन आले होते. डॉक्टरांनी बोट दाबून, वाकवून, सुई टोचून ते उत्तम असल्याचं सांगितलं होतं. "पण डॉक्टरला कुठं टायपिंग येतं," मास्तर म्हणाले. उद्यापासून वर्ग बंद करायचा, मुलांना दुसरीकडं पाठवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पाटी काढायला सुतारही सांगितला होता.

मी कनवटीच्या किल्लीकडं हात केला. पहिल्यांदाच त्यांनी ती मुकाट्यानं दिली.

नसरापूरला हायवेच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक गृहस्थ होता. मी लॅपटॉप घेऊन निघालो तर मास्तरही टॉवेल घेऊन सोबत आले. आजाऱ्याला एकटं पाठवत नाहीत, म्हणाले. दुरुस्तीवाल्यानं चिमट्यानं 'ए'ची कळ उचकटली, आत पाहिलं, बोट लावून वास घेतला आणि आम्हां दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"ह्यात तेल कुणी घातलं?"

रस्त्यावरून दोन ट्रक गेले. मला तर प्रश्नच कळला नव्हता. मग मास्तर म्हणाले, "म्या."

लॅपटॉप आणल्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. पाहुणं मशीन झालं म्हणून उपाशी कसं ठेवायचं? नेहमीसारखी करंगळीच्या कळीपासून सुरुवात केली, थेंब सोडला. तो खाली उतरेना, बाजूनं पसरला. मास्तरांना वाटलं, याचं पोट भरलेलं दिसतंय. म्हणून पुढच्या कळींना दिलं नाही, फडक्यानं पुसून घेतलं आणि विसरले. त्या तेलात खोडरबराचा भुगा जाऊन बसला, आणि दुरुस्तीवाल्यानं तो चिकट काळा गोळा कागदावर काढून आमच्यापुढं ठेवला. "एक-दोन दिस चांगला चालला असंल, मग धरलं असंल," तो म्हणाला. त्याच्याकडं दुसरा जुना कीबोर्ड पडलेला होता, तो त्यानं बसवून दिला. मी 'ए' दाबला. आला. मास्तरांनी रुमाल सोडून करंगळी टेकवली. आला. त्यांनी ओळभर 'ए' काढले, मग आणखी एक ओळ, आणि दुरुस्तीवाल्यानं हात धरला तेव्हा थांबले.

मला वाटलं आता मास्तर आनंदानं भोरला परततील, सुताराला माघारी धाडतील. ते रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला गेले आणि वेल्ह्याच्या एसटीला हात केला.

गाडीत बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मी चिडवण्याच्या बेतात होतो. मार्गासनी गाव मागं पडलं तेव्हा ते आपणहून बोलले. "नियम बरोबरच हाय. मशीन चुकलं न्हाई, माणूस चुकला. फकस्त म्या दुसऱ्याच माणसाला धरलं." त्यांची बोटं मांडीवर स्थिर होती. तशी मी ती आधी कधी पाहिली नव्हती, आणि चिडवायचं राहून गेलं.

वेल्ह्याहून पासलीपर्यंत एका जीपमध्ये कोंबून गेलो. पुढं वाडीपर्यंत चढण. मास्तर लॅपटॉप छातीशी धरून चढत होते आणि मला देत नव्हते. वाडीच्या खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. डोक्याला फडकं बांधून नंदा पेंढी आपटत होती. आम्हांला बघून तिनं पेंढी तशीच हातात धरली. तिचे वडील पुढं आले, पाणी दिलं.

"मास्तर, एवढ्या चढणीला कशापायी आला? निरोप धाडायचा की."

"निरोपानं भागणारं न्हाई," मास्तर म्हणाले. "नंदाच्या बोटात दोष न्हाई. कवाच नव्हता. म्या मशीनमधी तेल घातलं, आन पोरीला आजारी ठरवलं."

वडिलांना त्यातलं यंत्र कळलं नाही. तेल घातलं तर बिघडलं कसं, हे त्यांनी दोनदा विचारलं, आणि खरं सांगायचं तर प्रश्न योग्य होता. मास्तरांनी भाताच्या पोत्यावर टॉवेल अंथरला, लॅपटॉप उघडला. ती बॅटरी जेमतेम पाव तास टिकायची आणि वाडीवर वीज सकाळपासून गेलेली. "नंदा, ये. बस."

नंदा आली नाही. "नगं मास्तर. मला जमत न्हाई ते."

"जमतंय."

"तुमीच म्हणला हुता, न्हाई जमत."

खळ्यावरचे सगळे हात थांबले होते. मास्तर उभे राहिले. पडद्यावरचं बॅटरीचं चित्र लाल झालेलं मला दिसत होतं, आणि त्यांना घाई करा म्हणायची सोय नव्हती. मास्तरांनी टोपी नीट केली आणि त्या सगळ्या माणसांदेखत, शेळ्यांदेखत, दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. नुसते धरले नाहीत, शाळेतल्या पोरासारखे गुडघ्यांत वाकले. "चुकलं माझं," म्हणाले आणि तसेच राहिले.

आधी एक म्हातारी फिसकन हसली. मग सगळं खळं हसलं. नंदानं तोंडाला फडक्याचं टोक लावलं, पण खांदे हलत होते. "उठा मास्तर," ती म्हणाली, "गुडघं धरतील." मग ओंजळभर पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले आणि पोत्यापुढं मांडी घातली.

तिनं आधी नुसती करंगळी टेकवली. 'ए' आला. तिनं वर बघितलं नाही. मग दोन्ही हात चालू झाले. पडद्यावर ओळींमागून ओळी उतरत गेल्या, आणि त्यांत एकही अक्षर गळलेलं नव्हतं. वडील तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं.

"येतंय का?" त्यांनी मला विचारलं.

"येतंय."

तेवढ्यात पडदा काळा झाला. वडील थोडा वेळ त्या काळ्या पडद्याकडंच बघत राहिले. "मग जाऊ दे तिला," ते म्हणाले. "भात काय, पुढल्या साली बी झोडायचंय. आन ते वेल्ह्याचं पाव्हणं थांबतील. न थांबले तर गेले."

पुढं काही महिन्यांतच माझी बदली झाली. नंदाला ती जागा मिळाली हे मला भोर सोडण्याआधी कळलं. इन्स्टिट्यूट आणखी काही वर्षं चाललं आणि मग बंद पडलं, हे पत्रानं कळलं; मास्तर गेल्याचं त्याहून उशिरा. त्यांची आठवण आली की आजही मला अजिबात गंभीर होता येत नाही. डोळ्यांपुढं येतात ते त्या संध्याकाळी वाडीवरून उतरतानाचे मास्तर.

नंदा पुढं चालत होती, कपड्यांची पिशवी खांद्याला, माझा लॅपटॉप हातात. मागं मास्तर, त्यांच्या मागं मी. अर्ध्या उतारापर्यंत मास्तरांनी दम धरला. त्यापुढं त्यांच्यानं राहवेना.

"नंदे, आज बघितलं म्या. तुझा अंगठा जरा जड पडतोय."

नंदा थांबली नाही. मान वळवली नाही. तशीच चालता चालता म्हणाली, "न्हाई मास्तर. अंगठा माझा चांगलाय."

मास्तर जागच्या जागी उभे राहिले. मी त्यांना गाठलं तेव्हा ते तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत होते, आणि चेहरा असा फुलला होता की मी तो कधी विसरणार नाही.

"पास झाली," ते मला म्हणाले.

परीक्षा अजून व्हायची होती.